गिरणीवरच्या घाबरट वकीलबाई

परवा खैरनारबाईंच्या शोकसभेला गेले होते. स्टेजवर बाईंचा फोटो, फोटोला झेंडूचा हार आणि मागे भिंतभर फ्लेक्स. त्यावर लिहिलेलं, 'रणरागिणी ॲड. मालती खैरनार'. मी कपाळावर हात मारला. रणरागिणी! अहो, पाल दिसली की ही बाई खुर्चीवर चढायची आणि तिथून मला हाका मारायची. एक वक्ते म्हणाले, भीती हा शब्दच त्यांना माहीत नव्हता. माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं की, साहेब, त्या दिवसभर दुसरं काही बोलायच्याच नाहीत हो! पण सभेत गिरणीवालीला कोण बोलू देतंय? म्हणून आता इथं बोलते.

जेलरोडच्या आतल्या गल्लीत आमची पिठाची गिरणी. वरची एक खोली रिकामी होती. माझा धाकटा बालवाडीत जायला लागला त्या वर्षी बाई ती बघायला आल्या. अंगानं काडी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा आणि खांद्यावरून ओघळणारा काळा कोट, थोरल्या भावाचा घातल्यासारखा. आमच्या ह्यांनी आधीच सांगून टाकलं, "खाली गिरणी आहे. दिवसभर धडधड असते, पीठ उडतं."

"दिवसभर?" बाईंनी विचारलं.

"सकाळपासून. तुम्हाला त्रास होईल."

"वरचं बोलणं खाली ऐकू येतं का?"

"अहो, इथलं बोलणं इथं ऐकू येत नाही!" हे ओरडून म्हणाले, कारण गिरणी चालूच होती.

"मग घेते," बाई म्हणाल्या.

खोलीला मागच्या बाजूनं एक लोखंडी जिना होता. तो मागच्या बोळात उतरायचा. बाई त्यावरून उतरल्या, पुन्हा चढल्या. दाराची कडी लावून पाहिली, काढून पाहिली. "जिना वाजतो," म्हणाल्या. मी म्हटलं, गिरणी चालू असली की काय ऐकू येतंय! तेव्हा माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या. त्या गेल्यावर हे मला म्हणाले, "रत्ना, बाई चोर आहे का पोलीस?"

वकिलाची पाटी त्यांनी कधी लावली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाटी वाचून येतात त्यांच्यासाठी शहरात वकील खूप आहेत."

"मग तुमच्याकडे येणार कोण?"

"ज्यांना पाटीखाली उभं राहायची भीती वाटते त्या."

कोर्टाच्या मोफत वकिलांमध्ये त्यांचं नाव होतं. पोटापुरत्या जमिनीच्या केसेस करायच्या आणि उरलेला सगळा वेळ नवऱ्याचा, सासरचा मार खाणाऱ्या बायकांसाठी, फुकट. पण ते कळायला आम्हाला वेळ लागला. आधी कळलं ते त्यांचं घाबरणं. कुत्र्याला घाबरायच्या, लिफ्टला घाबरायच्या, न्यायाधीशांना घाबरायच्या. रस्ता ओलांडायचा तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात धरायच्या, मग तो कोणी का असेना. खुर्ची कायम भिंतीला टेकवलेली आणि तोंड दाराकडे. कोर्टात उभं राहायच्या आधी हात कापायचे, म्हणून कोटाच्या खिशात गुळाचा खडा ठेवायच्या. खडा तोंडात टाकला की कापरं कमी होतं म्हणे. एकदा भर कोर्टात कोटाच्या खिशातून मुंग्यांची रांग निघाली आणि न्यायाधीश म्हणाले, "खैरनार मॅडम, तुमचे साक्षीदार बाहेर पडले." हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले.

मला खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांचा रागच यायचा. म्हटलं, ही कसली वकील! हिलाच कुणीतरी सोबत लागते, ही दुसरीला काय सोडवणार? माझं मत बदललं ते गल्लीतल्या एका लेकुरवाळीमुळे. दळण घेऊन आली होती, डोळा काळानिळा. पोत्यावर बसली आणि रडायला लागली. मी आपलं चारचौघी म्हणतात तेच म्हटलं, "घाबरू नकोस गं, होईल सगळं नीट." बाई जिन्यात उभ्या होत्या. तरातरा खाली आल्या.

"रत्ना, असं म्हणू नये," त्या मला म्हणाल्या. मग तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "भीती वाटते?"

तिनं मान हलवली.

"शाबास," बाई म्हणाल्या. "काल जास्त वाटत होती की आज जास्त वाटते? आणि कशाची, ते नीट सांग."

शाबास काय शाबास! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती पोरगी बोलायला लागली की हो. आजवर तिला सगळ्यांनी घाबरू नको सांगितलं होतं, कशाला घाबरतेस ते एकानंही विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात बाईंनी तिला मुलांसकट सिन्नरला बहिणीकडे पोचवलं. नंतर मला म्हणाल्या, "दूध वर यायला लागलं की आवाज बदलतो. तो ऐकून गॅस बंद करणारीला आपण घाबरट म्हणतो का? मग हिला का म्हणायचं?"

तेव्हापासून आमची पद्धत सुरू झाली. बाईमाणसाला सासरचे सगळीकडे जायला बंदी करतील, देवळात नको, माहेरी नको, शेजारी नको. पण दळणाला कोण बंदी करणार? पोळी तर सगळ्यांनाच लागते! मग बायका डबा घेऊन यायच्या. डबा घेऊनच पुढच्या जिन्यानं वर जायच्या आणि गव्हाखाली लपवून आणलेलं बाईंकडे ठेवायच्या. मुलाचा जन्मदाखला, दोन लुगडी, औषधाची बाटली. एकीनं बाळाची दुपटी आणली होती. खाली आल्या की मी त्यांचं दळण मुद्दाम शेवटी घ्यायची. घरी पोचेपर्यंत पीठ गरम राहिलं पाहिजे. एवढा वेळ कुठं होतीस म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचं, गर्दी होती, हात लावून बघा. पिठासारखा साक्षीदार नाही, असं बाई म्हणायच्या.

आणि ज्या दिवशी निघायचं ठरेल, त्या दिवशी ती पुढच्या जिन्यानं चढायची आणि बाईंबरोबर मागच्या जिन्यानं उतरायची. डबा माझ्याकडे राहायचा. असे डबे माझ्या फळीवर साठत गेले. हे म्हणायचे, भंगारात दे. मी दिले नाहीत.

बाईंचा एकच हट्ट असायचा, कुणालाही एकटीला पाठवायचं नाही. इगतपुरी असो की येवला, स्वतः एसटीत शेजारी बसून जायच्या. एसटीलाही घाबरायच्या, ते वेगळं! घाटात डोळे गच्च मिटून बसायच्या आणि परत आल्या की माझ्याकडे लिंबाचं लोणचं मागायच्या.

पोलीस चौकीतली गोष्ट तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. एका बाईची तक्रार घेईनात. साहेब म्हणाले, "घरगुती मामला आहे मॅडम, मिटवून टाका. या आता." बाई उठेनात. साहेब आवाज चढवून म्हणाले, "ऐकू येत नाही का?" तर बाई काय म्हणाल्या असतील? "साहेब, मला तुमची फार भीती वाटते. आत्ता उठले तर परत यायची हिंमत व्हायची नाही माझी. म्हणून तक्रार लिहून होईपर्यंत मी उठत नाही." गुडघे लटलटत होते, ते साहेबांना टेबलाखालून दिसत होते म्हणे. माणूस ओरडणाऱ्या बाईला हाकलू शकतो, खरं बोलून थरथरत बसलेल्या बाईचं करायचं काय? तक्रार लिहिली.

त्या अशा का होत्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते आपसूक कळलं, लोडशेडिंगच्या दिवसांत. रोज ठरल्या वेळेला लाईट जायची, गिरणी बंद पडायची. गिरणी बंद पडली की जी शांतता होते ना, ती बाईंना सोसायची नाही. खाली येऊन माझ्याजवळ बसायच्या. एका दुपारी अशाच बसल्या आणि बोलल्या. त्यांचं माहेर सटाण्याचं, घरात अहिराणी. थोरली बहीण लीला मालेगावला दिलेली. दिवाळीला माहेरी आली. परत जायच्या दिवशी आईनं ओटी भरली, आणि लीला उंबऱ्यात थांबून म्हणाली, "माले भेव वाटस."

"मला भीती वाटते म्हणाली," बाईंनी मला समजावून सांगितलं, जसं काही मला कळलंच नव्हतं. "सगळे हसले, रत्ना. नवऱ्याच्या घरी जायला कसली भीती? मी सगळ्यांत मोठ्यांदा हसले. मी शाळेत होते. तिची पिशवी मीच एसटीत चढवली. आमच्या वडिलांनी, तात्यांनी, कंडक्टरला सांगितलं, एक मालेगाव."

पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "स्टोव्हचा भडका उडाला म्हणून निरोप आला. संक्रांतसुद्धा झाली नव्हती."

मी त्यांचा हात धरला.  मग लाईट आली आणि गिरणी सुरू झाली, तेव्हा कुठं त्या उठल्या. बाई कुणाची ओटी का भरत नाहीत, सवाष्णीची असो वा कुणाची, हे मला त्या दिवशी उमगलं.

त्याच सुमाराला सुनंदा आमच्याकडे यायला लागली. येवल्याची, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातली. बोटं बघत राहावीत अशी, फक्त उजवी करंगळी मोडून वाकडीच जुळलेली. तिचा नवरा रमेश, वीज मंडळात वायरमन. साऱ्या जेलरोडचा लाडका! कुणाचा फ्यूज उडाला, दिवाळीची माळ लागेना, की रमेशभाऊ हजर. चहासुद्धा घ्यायचा नाही. तोंडावर कायम हसू, आवाज कधी चढलेला नाही. मी स्वतः सुनंदाला म्हटलं होतं, नशीब काढलंस हो. ती खाली बघत राहिली होती.

"घरातसुद्धा आवाज चढत नाही त्यांचा," ती वर बाईंना सांगत होती. मी चहा घेऊन गेले होते, दारातच थबकले. "हळू बोलतात. वायरची दोन टोकं सोलून माझ्यासमोर धरतात. म्हणतात, वायरमनची बायको शॉक लागून गेली तर कुणाला नवल वाटणार नाही. पिंकी शेजारी अभ्यास करत असते."

पिंकी म्हणजे तिची मुलगी, दुसरीतली. बाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि सुनंदालाही एक दिला. दोघी गूळ चघळत बसल्या. बाई उठल्या तेव्हा मला म्हणाल्या, "हिला लवकर काढायला पाहिजे. मला झोप लागायची नाही आता."

घरातल्या मारहाणीविरुद्धचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. नवऱ्यानं जवळ फिरकायचं नाही असा हुकूम त्यात मिळायचा आणि तोही फुकट वकिलासकट. पण हुकूम मिळायच्या आधी माणूस जिवंत पाहिजे ना! मग गव्हाखालून एकेक वस्तू यायला लागली. पिंकीचा दाखला आला, फ्रॉक आले, सुनंदाच्या आईचा फोटो आला. शनिवार ठरला. पिंकीची शाळा सकाळची, ती सुटली की मायलेकी थेट मागच्या जिन्यानं.

आणि गुरुवारी चूक झाली. चूक केली ती बाईंनीच, आणि घाबरून केली.

गुरुवारी सुनंदा दळण घेऊन आली आणि वर गेली. तेवढ्यात लाईट गेली. नेहमीची वेळ नव्हती, काहीतरी बदललं होतं. गिरणी बंद. सुनंदा म्हणाली, तसाच डबा नेते, सांगते लाईट नव्हती. बाईंना ते पटेना. न दळता गेलीस तर विचारेल, एवढा वेळ काय करत होतीस? त्यांनी तिचे गहू माझ्याकडे ओतले, स्वतःच्या घरासाठी सकाळी दळून ठेवलेलं पीठ तिच्या डब्यात भरलं आणि तिला लावून दिलं. मलाही ते बरोबरच वाटलं. ती गेली आणि अर्ध्या तासानं बाई जिन्यात मटकन खाली बसल्या. "रत्ना," म्हणाल्या, "तिचा नवरा वायरमन आहे."

 आमच्या गल्लीची लाईट ज्यानं स्वतःच्या हातानं बंद केली असेल, त्याच्याच घरी ती दळलेलं पीठ घेऊन गेली होती.

शुक्रवारी दुपारी रमेश गिरणीवर आला. हातात डबा.

"वहिनी, दळण आणलंय," तो हसत म्हणाला आणि बाकावर बसला. "सुनंदाला जरा बरं नाही. पिंकीलाही घरीच ठेवलं. दोघी झोपल्यात." मग खिशातून किल्ली काढली, बाकावर शेजारी ठेवली आणि बोटानं गोल फिरवत राहिला. कुलपाची किल्ली होती ती.

 आमचे हे कामानिमित्त मालेगावला गेलेले. गिरणीत दोन म्हाताऱ्या आणि मी. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काल पीठ छान होतं हो वहिनी. पण गार होतं." मग वर मान करून, "वर कोण असतं?"

तेवढ्यात बाई स्वतःच खाली आल्या. पुढच्या जिन्यानं, त्याच्यासमोर. मला वाटलं, झालं, आता काही खरं नाही. चेहरा पिठासारखा पांढरा.

"नमस्कार मॅडम," तो म्हणाला. "तुमच्याकडची लाईट नीट आहे ना? नाहीतर मी बघून देतो. वायरिंग जुनं असलं की फार धोका असतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग बाकावरच्या किल्लीकडे. "मला तुमची भीती वाटते, रमेशभाऊ," त्या म्हणाल्या.  "मी या भानगडीत पडायला नको होतं. मी आता दार लावून घेते. तुम्ही वर येऊ नका, एवढी कृपा करा."

तो हसला. असा समाधानानं हसला! पाय लांब केले, पाठ भिंतीला टेकवली. बाई धडपडत वर गेल्या. आतून कडी लावली ती इतक्या जोरात की गिरणीच्या धडधडीतही ऐकू आली, मग खुर्ची दाराला आपटल्याचा आवाज. रमेश मला म्हणाला, "घाबरट आहेत हो बिचाऱ्या." आणि मी आतल्या आत म्हटलं, मेल्या, तुला त्यांचा मागचा जिना कुठं माहीत आहे!

कारण गिरणी चालू होती. आणि गिरणी चालू असली की तो जिना वाजत नाही.

आता माझं काम एवढंच होतं की त्याला बाकावर बसवून ठेवायचं. तो दळणासाठी बसला होता तोवर घरी नव्हता. मी म्हटलं, भाऊ, बाजरी चालू आहे, बाजरीवर लगेच गहू कसे दळू? तुमच्या पोळ्या काळ्या होतील. त्यानं मान डोलावली. मग म्हातारीची ज्वारी काढली. मग माझीच हरभऱ्याची डाळ काढली. हात असे घामेजले होते की डबे निसटत होते. तो घड्याळ बघून शांतपणे म्हणाला, "चार वाजता लाईट जाईल वहिनी. तोवर उरका." त्याला कोण शिकवणार? चारला लाईट जाणार म्हणजे जाणारच. मी देवाला म्हटलं, आजच्या दिवस उशीर कर रे बाबा. 

चार वाजले आणि पट्टा थांबला. सगळं शांत. त्या शांततेत तो उठला, डबा उचलला, किल्ली खिशात टाकली. जिन्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडमना सांगा, रमेश गेला. कडी काढा म्हणावं."

तो वळणावर दिसेनासा झाला तशी मी शटर अर्धं ओढलं आणि दुसऱ्या बोळानं पळत सुटले. पायात चप्पल नव्हती. वाटेत काय काय मनात आलं ते सांगत नाही. त्याच्या घरापाशी पोचले तेव्हा तो दारात पाठमोरा उभा होता, डबा हातात तसाच. कडीकोयंडा उचकटलेला, कुलूप जमिनीवर. आतून आवाज नाही. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसला. "वहिनी," म्हणाला, "दळायचं राहिलंच ना."

ते हसू मला अजून स्वप्नात दिसतं. मी मागच्या मागे पळाले ती चौकीत जाऊन थांबले.

चौकीत बाकावर सुनंदा बसली होती. पिंकी तिच्या मांडीत तोंड खुपसून. सुनंदाचा हात सुजून दंडाएवढा झालेला, ओठ फाटलेला, पण डोळे उघडे होते, श्वास चालू होता. तिच्या शेजारी बाई, गुळाचा खडा हातात धरून, पण तोंडापर्यंत नेता येत नव्हता इतक्या कापत होत्या. मी तिथंच भोकाड पसरलं.

बरोबर गेलेल्या महिला पोलिसानं मला नंतर सांगितलं. कुलूप तोडलं तरी सुनंदा कोपऱ्यातून उठेना. पोलिसांनी समजावलं, आता घाबरायचं कारण नाही, आम्ही आहोत. ती नुसती मान हलवत होती. "मला भीती वाटतेय, मला भीती वाटतेय." बाई आत गेल्या, तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माले बी वाटस. चाल." आणि ती उठली. त्या गल्लीत भटकी कुत्री किती आहेत ते मला माहीत आहे. बाई त्या सगळ्या कुत्र्यांमधून कुणाचाही हात न धरता गेल्या होत्या.

केस पुष्कळ महिने चालली. सुनंदा आधी आधारगृहात राहिली, मग बाई तिला येवल्याला सोडून आल्या. प्रत्येक तारखेला रमेश समोरच्या बाकावर यायचा, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि बाईंना नमस्कार करायचा. बाई प्रत्येक वेळी घाबरायच्या. एकदाही त्यांनी ते लपवलं नाही आणि एकही तारीख चुकवली नाही. शेवटी हुकूम झाला, मायलेकींच्या जवळ फिरकायचं नाही. त्यानंतरही तो आमच्या गिरणीवरून मोटरसायकलनं जायचा, वेग कमी करायचा. "लाईट आहे ना वहिनी?" पुढं त्याची बदली झाली. कुठं झाली ते कळलं नाही, आणि कळलं नाही हीच धास्ती आम्हाला बरीच वर्षं पुरली.

मग बाईंचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण कागद दिसेनासे झाले. पिठानं खोकलाही धरला होता. सटाण्याला आई एकटी पडली होती, थकली होती, तिचे निरोप येत होते. लीला गेल्यावर बाईंनी शिकायला म्हणून घर सोडलं, त्यानंतर त्या घरात राहायला म्हणून कधी गेल्या नव्हत्या. आईच येऊन भेटून जायची. आता जाणं भाग होतं.

निघायच्या दिवशी मी स्टँडवर पोचवायला गेले. सुनंदा येवल्याहून आली होती, पिंकीला आजीजवळ ठेवून. पुन्हा मागावर बसत होती ती, वाकड्या करंगळीसकट. तिच्या हातात नुसती एक कापडी पिशवी, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. बाईंनी रस्ता ओलांडताना सवयीनं हात पुढं केला आणि तो सुनंदानं धरला. मी वेडी, पदरात नारळ आणि तांदूळ घेऊन गेले होते. बाईंनी नारळाकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरल्या. मी मुकाट्यानं तो पिशवीत टाकला.

सटाणा गाडी लागली. सामान चढवलं. बाई गाडीच्या पायरीपाशी थांबल्या. एक पाय वर, एक खाली. चष्म्यामागचे डोळे नक्की कुठं बघत होते कोण जाणे.

"रत्ना," म्हणाल्या, "माले भेव वाटस."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, घाबरू नका. मी ते गिळलं.  मी तशीच उभी राहिले, डोळ्यांना पदर लावून.

सुनंदा पुढं झाली. तिनं बाईंच्या दंडाला धरून त्यांना वर चढवलं आणि त्यांच्यामागून स्वतःही चढली. मला वाटलं, बसवून उतरेल. ती उतरली नाही. खिडकीशी बाई आणि त्यांच्या शेजारी मांडीवर कापडी पिशवी घेऊन ती. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत आला. खिडकीची काच उघडी होती, मला खालून सगळं ऐकू येत होतं.

"एक सटाणा," बाई म्हणाल्या.

"एक नाही," सुनंदा म्हणाली. "दोन."